झाडाकडे पाठ

रविवार, १० नोव्हेंबर

आज पहिला वर्ग बागेत घेतला. हाच शेवटचा ठरावा, असं निम्मा वेळ वाटत होतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आटोपल्या की माझ्या क्लासची मुलं गळायला लागतात. दहावीला जादा मार्क मिळवून देणारी चित्रकला तेवढी खरी, बाकीची कुणाला हवी आहे? यंदा म्हटलं, परीक्षा नाही, मार्क नाहीत, तर मुलांना जरा घराबाहेर काढू. माझ्या हॉलमध्ये बसून तीच सुरई आणि तीच दोन वांगी काढून त्यांना कंटाळा आलाय, आणि ती वांगी बघून मला. शनिवार पेठेतून खाली उतरलं की पुलाजवळ महापालिकेची बाग आहे. एक प्रचंड रेन ट्री, एक उंबर, कठड्यापलीकडे नदीचं पात्र. पाण्याला वास येतो, पण बगळ्यांची काही तक्रार दिसत नाही. मुलांना तिथे बसवायचं आणि सांगायचं, दिसतं ते काढा. बेत एवढाच होता.

दहा-बारा मुलं आली. झाडाखाली सतरंज्या घातल्या. मुलांनी पॅड मांडीवर घेतले आणि सगळ्यांनी मिळून दोन डोंगर काढले. डोंगरांच्या मधून सूर्य, सूर्याखालून नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीशेजारी नारळ. पक्ष्यांच्या नावानं आकाशात चार फराटे. सृष्टी तर झाडाकडे पाठ करून बसली होती. म्हटलं, "अगं, झाड तुझ्या मागे आहे." तर म्हणाली, "मला झाड येतं बाई. न बघता येतं."

ते डोंगर त्यांना कुणी शिकवले म्हणून चौकशी करायची सोय नाही, कारण मीच शिकवले.

मध्येच रखवालदार आला. "कसला कार्यक्रम आहे? परवानगी?"

"कार्यक्रम कसला, मुलं झाडं बघताहेत."

"नुसती बघताहेत ना?"

"अजून तेवढंही नाही," मी म्हटलं. तो गेला.

घरी आले तेव्हा श्रीधर खिडकीशी खुर्चीत होते. दिगंबरनं, म्हणजे रुग्णसेवेच्या ब्यूरोतून येणाऱ्या माणसानं, त्यांना पुसून, धुतलेला सदरा घालून बसवलं होतं. मी चपला काढता काढता विचारलं, "नाश्ता झाला का?"

"बरोबर," हे म्हणाले.

"मी फार दमले हो."

"बरोबर."

गेल्या वर्षी आषाढात झटका आला तेव्हा ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढा एक शब्द राहिला. उभा जन्म गणित शिकवलेला माणूस, फळ्यावरची उत्तरं बघून दिवसातून शंभरदा म्हणत असणार. आता पाणी हवं असेल तरी बरोबर, नको असेल तरी बरोबर. चादर ओली झाली तरी बरोबर. डॉक्टर म्हणाले, जिभेच्या सवयीचा एखादा शब्द असा टिकतो, त्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका. मी धरत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पुष्कर येऊन गेला. खराडीहून इथे यायचं म्हणजे त्याची निम्मी सुट्टी रस्त्यात जाते, त्यामुळे तो आला की मुद्द्याचंच बोलतो.

"आई, प्रॅक्टिकली विचार कर. तुझी कंबर ही अशी. उद्या दिगंबरनं काम सोडलं तर तुझा बॅकअप काय आहे?" मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. भूगावच्या पुढे एक केंद्र आहे. अशाच माणसांसाठी. नर्स आहेत, बसवायला-उठवायला माणसं आहेत, मागे टेकडी आहे. सुनेच्या, सुरुचीच्या, ऑफिसातल्या कुणाची सासू तिथे आहे आणि छान आहे.

मी म्हटलं, "आणि बाबा?"

"बाबांना इथे काय आणि तिथे काय. म्हणजे, सॉरी, पण त्यांना कळतंय कुठे? तू म्हणालीस काय, मी म्हणालो काय, त्यांचं एकच उत्तर."

हे समोरच बसले होते. मी पुष्करवर डाफरले. म्हटलं, बापासमोर काय बोलावं ह्याचं काही भान आहे का. पण खरं सांगायचं तर त्याचं बोलणं ऐकताना आत कुठेतरी दोन मिनिटं गार वाटलं. दुपारी झोपायला मिळेल, असं वाटलं. फक्त झोपायला.

सध्या तिथे जागा नाही. नाव घालून ठेवायला काय हरकत आहे, असं पुष्कर म्हणाला. घाल म्हटलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज फर्मान काढलं. डोंगर बंद, सूर्य बंद, झोपडी बंद. खोडरबर घरी ठेवून यायचं. आधी बघायचं, मग काढायचं.

खोडरबर नाही म्हटल्यावर मुलांचे हातच आखडले. पाच मिनिटं झाली नाहीत तोच एकेक पोर पॅड घेऊन माझ्यापुढे. "बाई, बरोबर आहे का?" एक रेघ काढायची आणि विचारायचं. अरे, झाडाला विचारा! पण मग मी तरी काय करणार, पेन्सिल हातात घ्यायची आणि दाखवायचं, खोड असं वळतं, सावली इकडून येते. इतक्या वर्षांची सवय आहे, चुकीची रेघ दिसली की माझा हात शिवशिवतो.

प्रज्ञेश नावाचा एक मुलगा आहे, पाचवीतला. त्याची आई आम्रपाली फिजिओथेरपिस्ट आहे, ह्यांना व्यायाम द्यायला येते. तो सगळ्यांपासून लांब जाऊन उंबराच्या बुंध्याला चिकटलेली फळं काढत बसला होता. चांगलं चाललं होतं. फक्त एक फांदी चुकली होती, ती मी त्याच्या कागदावर नीट करून दिली. त्यानंतर त्यानं काही काढलं नाही. भूक लागली असेल.

पालकांना बागेच्या फाटकाबाहेर थांबायला सांगायला हवं. सृष्टीची आई ऋतुजा मुलीच्या मागे स्टूल टाकून बसली होती. "ॲक्च्युअली बाई, तिला शेडिंगमध्ये थोडी हेल्प लागते," असं म्हणत तिनंच पानं रंगवून टाकली. सृष्टी शेजारी बसून वेफर्स खात होती.

रविवार, २४ नोव्हेंबर

सहाच मुलं. बाकीच्यांना लग्नं. कंबर धरली आहे. नको तिथे उत्साह दाखवायला मला कुणी सांगितलं होतं?

रविवार, १ डिसेंबर

सकाळी सातला दिगंबरचा फोन. "काकू, चुलत्याच्या पोराचं लगीन हाय. कालच सांगणार हुतो, इसरलो. आज काय जमायचं न्हाई."

आता मुलांच्या घरी कळवून वर्ग रद्द करायचा म्हणून फोन हातात घेतला, तर आम्रपालीचाच आला, प्रज्ञेशला सोडायला ती निघाली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "रद्द कशाला करता काकू? काकांना घेऊन चला की. मी महिनाभर तुम्हाला सांगतेय त्यांना बाहेर काढा म्हणून. मी येते, दोघी मिळून खुर्ची ढकलू."

लिफ्टमधून खाली, मग गल्ली, मग उतार. लोक बघत होते. समोरच्या किराणावाल्यानं हात जोडले, जणू आम्ही कुठे लांब निघालो आहोत. मला लाज वाटत होती, हे लिहून ठेवते. ह्यांची नाही, त्या सगळ्या प्रकाराची. बागेत नेऊन खुर्ची रेन ट्रीच्या बुंध्याशी लावली, ब्रेक लावला, गुडघ्यांवर शाल टाकली आणि मुलांना म्हटलं, "आजोबांना त्रास द्यायचा नाही."

मुलांनी पंधरा मिनिटं त्रास दिला नाही. मग प्रज्ञेश उठला. मी दुसऱ्या मुलाकडे वळलेली होते म्हणून असेल, तो पॅड घेऊन ह्यांच्याकडे गेला. झाडाचं खोड काढलं होतं, पण ते इतकं मोठं, की कागदाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर गेलं होतं. ना शेंडा, ना पान. फक्त साल आणि तिच्यावरच्या मुंग्या. पॅड ह्यांच्यासमोर धरून त्यानं विचारलं, "आजोबा, बरोबर आहे का?"

"बरोबर," हे म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, अरे, आजोबा सगळ्याला तेच म्हणतात. पण तो ऐकायला थांबलाच नाही. जागेवर जाऊन त्यानं दुसरा कागद घेतला. मग निघाली की रांग. एकीची खारूताई, एकाचं नुसतंच पडलेलं शेंगांचं सालपट, एकानं कठडा काढला होता आणि कठड्यावर वाळत घातलेली कुणाचीतरी विजार. सगळ्यांना बरोबर, बरोबर, बरोबर. वर्ग सुटायची वेळ झाली तरी कुणी उठेना.

माझ्याकडे आज कुणी विचारायला आलं नाही. काम हलकं झालं म्हणायचं.

सोमवार, २ डिसेंबर

एक आठवण आली म्हणून लिहिते. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. दिवाळीनंतर हे दर आठवड्याला माझ्या वर्गाच्या दारात उभे. "पोर्शन राहिलाय. तुमचा तास मिळेल का? चित्रकला काय, मुलं घरीसुद्धा काढतात." मी तास द्यायचे. मुलं रंगपेट्या आवरून भूमितीची वही काढायची आणि माझ्याकडे अशी बघायची, की मीच त्यांना विकलं आहे. पुढे लग्न झालं, तरी तास मागणं काही थांबलं नाही. आधी विचारायचे, आता मी लग्नाची बायको, म्हणून ते विचारणं तेवढं बंद झालं.

आणि काल तोच माणूस माझ्या वर्गात बसून शेंगेच्या सालपटाला बरोबर म्हणत होता. मेंदूतल्या कुठल्या शिरेचा हा खेळ, कोण जाणे.

रविवार, ८ डिसेंबर

दिगंबर आला होता, त्यामुळे मी एकटीच निघाले. बागेत पोचले तर मुलांनी विचारलं, "आजोबा कुठायत?" येणार नाहीत म्हटल्यावर तोंडं पडली. शेवटी दिगंबरला फोन केला, तो खुर्ची घेऊन आला. त्यालाही बरं वाटलं असावं. "घरात बसून काय करायचं काकू, हितं वारा तरी हाय," म्हणाला आणि उंबराखाली जाऊन तंबाखू मळत बसला.

मुलं आता झाडाकडे तोंड करून बसतात. एवढी प्रगती आहे. नदीवरची जलपर्णी, पुलाच्या खांबांवर चढलेली वेल, घारीचं घरटं, असलं काय काय कागदावर यायला लागलं आहे. वेडंवाकडं असतं. पण त्या वेड्यावाकड्यात काहीतरी बघितलेलं असतं, हे मला नाकारता येत नाही. हात शिवशिवतात. पण मुलं हल्ली माझ्या हातात पॅड देतच नाहीत, थेट खुर्चीकडे नेतात.

सृष्टीच्या चित्रावर आजही ऋतुजानं हात फिरवला होता. पानन् पान देखणं. ते घेऊन सृष्टी ह्यांच्यासमोर उभी राहिली. ह्यांनी बघितलं आणि मान वळवली. दोनदा विचारलं तिनं. काही नाही. डोळ्यांवर ऊन येत असेल म्हणून मी खुर्ची जरा फिरवली. नवीन आलेल्या एका मुलानं दोन डोंगर आणि सूर्य दाखवला, तेव्हाही गप्पच. दमले असतील. तासभर बसणं त्यांना झेपत नाही, पुढच्या वेळी लवकर परत न्यायला हवं.

सृष्टी रडवेली झाली होती. मी तिची समजूत घातली, आजोबांना बरं नाही. ऋतुजा म्हणाली, "इट्स ओके बाई, ही वॉज अ टीचर ना, मूडी असतील."

मंगळवार, १७ डिसेंबर

आज मी ह्यांच्या अंगावर ओरडले.

दिगंबर तीन दिवस आलेला नाही. सकाळपासून दोनदा चादरी बदलल्या. दुसऱ्या वेळी ह्यांना कुशीवर वळवताना कंबरेत अशी कळ आली, की मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आणखी किती दिवस हे करायचं मी? सांगा ना!"

"बरोबर," हे म्हणाले.

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. हे छताकडे बघत राहिले. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, पण ते त्या बाजूनं नेहमीच येतं.

मला सुटका हवी आहे. हे वाक्य कुठेतरी लिहायलाच हवं होतं. मला रात्री सलग झोप हवी आहे, सकाळचा चहा बसून प्यायला हवा आहे, आणि रविवारी घड्याळ न बघता त्या मुलांबरोबर बसायचं आहे. माझं वय एकसष्ट आहे. हे मागणं फार मोठं आहे का?

बुधवार, ८ जानेवारी

पुष्करबरोबर भूगावच्या पुढचं ते केंद्र बघून आले. नावं ठेवायला जागा शोधत होते, सापडली नाही. स्वच्छ आहे. नर्स मुली गोड बोलतात. मागच्या अंगणात जांभूळ आहे, दोन आजोबा त्याखाली खुर्च्यांवर बसले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण घरी तरी आमच्यात काय बोलणं होतं.

एक तारखेपासून जागा होते आहे. वीस तारखेपर्यंत हो-नाही सांगायचं. तिथल्या बाईंनी विचारलं, "पेशंटना कल्पना दिलीये का?" पुष्कर म्हणाला, "त्यांना समजत नाही." त्या बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर पुष्करनं मला चांदणी चौकात चहा पाजला. "आई, तुझी रविवारची ॲक्टिव्हिटी किती मस्त चाललीये. आता तू मोकळी होशील. तळजाईच्या टेकडीवर ने मुलांना, पाषाणच्या तळ्यावर ने. व्यवस्थित कर ना, वेबसाइट वगैरे मी करून देतो." मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तळ्याच्या काठानं बसलेली मुलं, परदेशातून आलेली बदकं, आणि मी खांद्याला पिशवी लावून त्यांच्यात हिंडते आहे. खुर्ची नाही, शाल नाही, औषधांच्या वेळा नाहीत. किती दिवसांनी मी हसत होते. ते बघून पुष्करचे डोळे भरून आले.

रविवार, १२ जानेवारी

मुलांना सांगितलं, फेब्रुवारीपासून आपण लांब लांब जाऊ, टेकडीवर, तळ्यावर. टाळ्या पडल्या. प्रज्ञेशनं विचारलं, "आजोबांची खुर्ची टेकडीवर कशी चढवायची?" मी म्हटलं, आजोबा दुसरीकडे राहायला जाणार आहेत. कुठे? म्हटलं, झाडं आहेत तिथे. चांगलं आहे.

हे तिथेच बसले होते. पलीकडे बघत होते.

सृष्टीनं आज आईला फाटकाबाहेर पाठवलं. खरंच. "मम्मा, तू जा," म्हणाली आणि ऋतुजा गेली. मग सृष्टीनं तासभर लावून एक कावळा काढला. त्याची चोच पायांएवढी लांब झाली आहे. ह्यांना दाखवला. ह्यांनी इतका वेळ बघितला, की ती पोरगी श्वास रोखून उभी होती.

"बरोबर," हे म्हणाले.

ती पळत सुटली ती थेट फाटकापर्यंत.

रविवार, १९ जानेवारी

उद्या त्या लोकांना हो म्हणून सांगायचं. मन घट्ट केलं होतं, आणि केल्यावर हलकंही वाटत होतं. सकाळी दिगंबरबरोबर खुर्ची नेली, बुंध्याशी लावली. मुलं कामाला लागली. मला कुणी विचारतच नव्हतं, म्हणून मी समोरच्या बाकावर जाऊन बसले. प्रज्ञेश जाता जाता म्हणाला, "बाई, तुम्ही कधीच काही काढत नाही."

"काढते की. फळ्यावर काढते."

"ते नाही. बघून."

मी त्याच्या पॅडमधला एक कागद मागून घेतला. कुणाच्या चित्रावर हात न फिरवता, उदाहरण म्हणून न काढता, नुसतंच बघून काढायला मी शेवटची कधी बसले होते, आठवत नाही. पहिल्या चार रेघा दगडासारख्या आल्या. मग हात सैल झाला. रेन ट्रीचा तो पसारा, खाली सतरंज्या, मान खाली घालून बसलेली मुलं, सृष्टीच्या दोन वेण्या, मागे कठडा, कठड्यापलीकडे पात्रातलं धुकं. पेन्सिल आपोआप चालत होती. चांगलं झालं होतं चित्र. माझं मलाच कळतं एवढं. मला फार आनंद झाला, लहानपणी व्हायचा तसा.

मुलं भोवती जमली. "बाई, भारी!" प्रज्ञेशनं कागद माझ्या हातातून घेतला. "आजोबांना दाखवायला पाहिजे. सगळ्यांनी दाखवायचं असतं." मी नको म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा. मी मागोमाग गेले. नको म्हणत होते, पण मला ते ऐकायचं होतं. इतकी वर्षं माझे तास नेले, आता एकदा म्हणा, की बरोबर.

ह्यांनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. परत कागद बघितला.

"आजोबा, बरोबर ना?" प्रज्ञेशनं विचारलं.

काही नाही. ओठ मिटलेले. नुसते मिटलेले नाहीत, दाबून धरलेले. मुलं थांबली. मी म्हटलं, "राहू दे रे, दमलेत ते." तेवढ्यात ह्यांचा डावा हात शालीतून वर आला. कागदापर्यंत गेला आणि बोट एका ठिकाणी टेकलं. झाडाच्या बुंध्याशी, डावीकडे.

मला वाटलं, मुळं चुकली. मी वाकून बघितलं. मुळं बरोबर होती. म्हटलं, "काय हो? सावली?" ह्यांनी बोट उचललं आणि परत तिथेच आपटलं. मग परत. कागद फाटेल असं वाटलं. मला रागसुद्धा आला, की सगळ्या दुनियेचे कावळे-चिमण्या बरोबर आणि माझंच चित्र तेवढं चूक.

सृष्टी मान तिरकी करून चित्राकडे बघत होती. मग मी बसले होते त्या बाकाकडे पळत गेली आणि तिथून तिनं झाडाकडे बघितलं.

"बाई," ती तिथूनच ओरडली, "आजोबा तिथे बसलेत ना! तुम्ही आजोबांना काढलंच नाही!"

नव्हतंच काढलं. बुंधा होता, मुळं होती, खुर्चीखालची फरशीसुद्धा होती. खुर्ची नव्हती, माणूस नव्हता. मुद्दाम नाही गाळलं. मुद्दाम गाळलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला माहीत तरी असतं. तासभर मी त्याच झाडाकडे बघत होते आणि माझी नजर ह्यांच्यावरून पुढे जात होती, जशी घरातल्या कपाटावरून जाते. मला खूप लाज वाटली. मुलांसमोर खाली बसले, ह्यांच्या पायाशी, कंबरेची पर्वा न करता.

ह्यांच्या डोळ्यांवर त्या दिवशी ऊन नव्हतं. सृष्टीच्या आईनं रंगवलेली पानं ह्यांनी ओळखली होती. सगळं ओळखत होते. मी ओरडले ते, पुष्कर बोलला ते, मागच्या रविवारी मी मुलांना सांगितलं ते.

घरी आल्यावर दिगंबरला बाहेर पाठवलं आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत ही गोष्ट कुणी ह्यांना विचारलीच नव्हती. म्हटलं, "अहो, भूगावपुढे एक जागा बघितलीय तुमच्यासाठी. चांगली आहे. नर्स आहेत. जाल का तिथे?"

एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं. मी वाट बघितली. ह्यांनी ओठ दाबून धरले होते. माझ्याकडे बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. त्या एका शब्दाला अडवून धरायला किती जोर लागत होता ते ह्यांच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं.

सोमवार, २० जानेवारी

पुष्करला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर आला. म्हटलं, त्या लोकांना नाही म्हणून कळव.

"आई, प्लीज. इमोशनल होऊन डिसाइड करू नको. तुझी कंबर? तुझा क्लास? टेकडीवर जाणार होतीस ना तू?"

"होते."

"मग? एकदम काय झालं?"

"बाबांना विचारलं."

"आणि?"

"नको म्हणाले."

मग त्यानं हळूच विचारलं, "बाबा बोलले? नाही म्हणाले?"

"बोलले नाहीत रे," मी म्हटलं. "पण नाही म्हणाले."

त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. संध्याकाळी येतो म्हणाला. येऊ दे. मला काही सगळं सुटल्यासारखं वाटत नाही. कंबर कालपेक्षा जास्त दुखते आहे, तळजाईचं मुलांना काय सांगायचं ते ठरवलेलं नाही, आणि दहा वाजले तरी दिगंबरचा पत्ता नाही. ह्यांना अजून उठवून बसवायचं आहे.